मर्यादा वाढवली, ती शून्यावर आली

लिनक्समध्ये एका वेळी संगणकभर मिळून जास्तीत जास्त किती फाइली उघड्या राहू शकतात, ते ‘फाइल-मॅक्स’ हे सेटिंग ठरवते. तिथे ॲडमिनिस्ट्रेटरने १८४४६७४४०७३७०९५५१६१६ ही संख्या लिहिली, तर पूर्वी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती निमूटपणे स्वीकारायचा आणि मर्यादा थेट शून्यावर आणायचा. ६४ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या याहून एकानेच लहान आहे. स्कूटरचा मीटर सगळे नऊ संपल्यावर पुन्हा शून्यावर यावा, तसा हा हिशेब फिरायचा. सामान्य प्रोग्रॅमना मग नवी फाइल उघडता येत नसे, आणि लिनक्समध्ये फाइलीवाचून जवळपास काहीच हलत नाही. यंत्रणा लवकरच कोसळायची. चूक झाल्याचा संदेश नाही, इशारा नाही!

२०१९ मध्ये यावर दोन उपाय झाले. लिहिलेली संख्या मावत नसेल तर वाचतानाच ती अवैध ठरवून परत पाठवायची, हा पहिला. दुसरा उपाय सेटिंगच्या नोंदीतला. कर्नलमध्ये अशा प्रत्येक सेटिंगची एक नोंद असते. तीत किमान आणि कमाल मर्यादा कुठे सापडतील, त्या जागांचे पत्ते देता येतात. फाइल-मॅक्ससाठी किमान मर्यादा म्हणून कर्नलमध्ये आधीच असलेल्या एका शून्याचा पत्ता दिला गेला. ते शून्य ४ बाइटांचे होते आणि तपासणी करणारे फंक्शन ६४ बिटांच्या यंत्रांवर ८ बाइट वाचत होते. म्हणजे मेमरीत शून्याच्या शेजारी जे काही असेल, तेही मर्यादेत मिसळले जाई. मेमरीतल्या अशा चुका शोधणाऱ्या ‘केसॅन’ या साधनाने हे पकडले आणि त्याच वर्षी दुरुस्ती झाली. या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तपासणी करणाऱ्या कोडकडे संशयाने पाहायचे आपल्याला सहसा सुचत नाही.

किमान-कमाल मर्यादांची अशी नोंद कल्पकतेने वापरली की काय साधते, तेही पाहण्यासारखे आहे. कर्नलमध्ये नवी मॉड्यूल घालण्यास बंदी करणारे एक सेटिंग सुरुवातीला ० असते. त्याची किमान मर्यादा १, कमालही १. एकदा १ लिहिले की संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत ० नाकारले जाते. घुसखोराने ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळवले, तरी इथे ० लिहून बंदी उठवता येत नाही.

काही सेटिंगांपुढे मात्र असे कुंपण पुरे पडत नाही. किती मेमरी कायम मोकळी ठेवायची, ते ठरवणारे सेटिंग १०२४ किलोबाइटांखाली नेल्यास मोठ्या भाराखाली यंत्रणा अडकून पडू शकते, आणि फार वाढवल्यास मेमरी तत्काळ संपते, असे कर्नलच्या दस्तऐवजातच लिहिले आहे. पण ‘फार’ म्हणजे किती, हे त्या यंत्रातल्या रॅमवर आणि त्यावर चालणाऱ्या कामावर अवलंबून असते. तो अंदाज ॲडमिनिस्ट्रेटरलाच बांधावा लागतो.