घमेलंभर पुण्य

मैत्रिणींनो, ही चूक माझीच आहे, म्हणून सांगते. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत बारसं झालं. घमेलंभर भात उरला. अन्न वाया जायला नको, म्हणून मीच तो शेजारच्या काकूंच्या गाईपुढे ठेवला. पुण्याचंच काम ना! तिनंही चाटूनपुसून खाल्लं. रात्री मात्र गाय बसली ती उठेना, रवंथही बंद. जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण सकाळी ती गेली. काकूंचं घर तिच्या दुधावर चालायचं.

डॉक्टरांनी मग समजावलं. आपल्याला भात सहज पचतो. लहान आतड्यात त्याची साखर होऊन ती रक्तात जाते. गवत मात्र आपल्याला पचत नाही. गाईचं उलटं. तिच्या पोटाला चार कप्पे. सर्वांत मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजंतू चारा आंबवतात, म्हणून तर ती दिवसातले सात-आठ तास रवंथ करते. तिथं एकदम ढीगभर भात पडला की आम्ल करणारे जंतू भराभर वाढतात, चारा पचवणारे मरतात आणि ते आम्ल रक्तात उतरतं.

आता बचतगटाच्या प्रत्येक बैठकीत मी हे सांगते. गाईला नैवेद्याचा घास जरूर द्या, घमेलं नको. उरलेलं अन्न वेळेवर माणसांना वाटा.

काकू मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. तेच जास्त लागतं.