लोडवर ट्रॅक्टर धूर सोडतोय? आधी रंग बघा, मगच इंजिन खोला



रब्बीचा माल निघाला की नांगरट, रोटाव्हेटर आणि जालन्याच्या मोंढ्याच्या फेऱ्या एकदमच सुरू होतात. याच दिवसांत ट्रॅक्टरवर खरा जोर येतो आणि सायलेन्सर धूर ओकायला लागतो. मग कुणी म्हणतं पंप गेला, कुणी म्हणतं बोअर करा. मृग तोंडावर असताना इंजिन खोलून बसलो तर पेरणीचा वाफसा हातचा जातो, खर्च होतो तो वेगळाच. आणि दोष कधी कधी साध्या एअर फिल्टरमध्ये निघतो. म्हणून मिस्त्रीकडे जायच्या आधी एवढं घरीच तपासा.

*तपासायचं कसं?*
ट्रॅक्टर १०-१५ मिनिटं चालवून गरम करा. मग वावरात अवजार लावून किंवा भरलेली ट्रॉली चढाला लावून जोर द्या. दुसऱ्या माणसाला बाजूला सुरक्षित अंतरावर उभं करून मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. पीटीओजवळ कुणी जाऊ नये. बंद शेडमध्ये ही तपासणी करू नका, धुराने जीव गुदमरतो.
जुन्या इंजिनात रेस दिल्याबरोबर काळा झोत येऊन लगेच साफ झाला तर काळजी नाही. जोर आहे तोवर धूर चालूच राहिला, तर दोष आहे.

*१) काळा धूर: डिझेल जास्त किंवा हवा कमी*
डिझेल पूर्ण जळत नाही, म्हणजे तुमचा पैसा सायलेन्सरमधून जातोय. या क्रमाने बघा:
• *गिअर:* रोटाव्हेटरला मोठा गिअर टाकला की इंजिन दबतं आणि काळं ओकतं. एक गिअर खाली घ्या किंवा खोली कमी करा. धूर थांबला तर इंजिनात काहीच बिघाड नाही.
• *एअर फिल्टर:* आपल्याकडच्या धुळीत तो लवकर चोंदतो. कागदी फिल्टर पाण्याने किंवा पेट्रोलने धुऊ नका. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारा. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. ऑइलवाला एअर क्लीनर असेल तर वाटीतला गाळ काढून खुणेपर्यंतच ऑइल भरा.
• *टर्बो असेल तर:* हवेचा रबरी पाईप फाटलाय का, क्लिप ढिली आहे का, बघा.
• एवढं करूनही धूर राहिला तर नोझल काढून मशीनवर तपासून घ्या. पंपाचा नंबर त्याच्यानंतर.
"पंप थोडा वाढवून देतो, ताकद येईल" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. न जळालेलं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन नेतं, रिंगा झिजतात. आजची ताकद उद्याचं बोअरचं काम होते.

*२) निळा धूर: इंजिन ऑइल जळतंय*
सपाट जागेवर, इंजिन बंद करून कांडीवर ऑइल बघा. वरच्या खुणेच्या वर असेल तर आधी जास्तीचं काढा. एअर क्लीनरच्या वाटीत ऑइल जास्त झालं तरी इंजिन ते ओढतं.
दोन्ही ठीक असेल तर धूर कधी येतो ते लक्षात ठेवा. उतारावरून आल्यावर रेस देताना झोत आला तर व्हॉल्व्हचे सील किंवा गाईड. जोरावर सतत निळा येतो, ब्रीदरमधूनही वाफा फेकतो आणि ऑइल वरचेवर कमी होतं, तर रिंग-लायनर झिजलेत. इथे काम काढावंच लागतं, पण हंगामाच्या आधी ठरवून काढा. टर्बोच्या पाईपात ऑइल दिसलं तर आधी टर्बो तपासा.

*३) पांढरा धूर: डिझेल की पाणी?*
सकाळी थंडीत चार-दोन मिनिटं आला तर चालतं. गरम झाल्यावरही येत असेल तर वास घ्या.
• *डिझेलचा वास, डोळे चुरचुरतात:* डिझेलमध्ये पाणी किंवा लाईनमध्ये हवा असू शकते. फिल्टरखालचा नट सोडून पाणी काढा, एअर काढा. ड्रममध्ये साठवलेलं डिझेल असेल तर तळातलं वापरू नका. त्यानंतर नोझल आणि टायमिंग.
• *वास नाही, रेडिएटरचं पाणी कमी होतं, कांडीवरचं ऑइल दुधाळ दिसतं:* हेड गॅस्केट गेल्याची खूण. ट्रॅक्टर तिथेच बंद करा, एक फेरीही मारू नका. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, अंग भाजेल.

*नवीन ट्रॅक्टरवाल्यांसाठी:* जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नवीन ट्रॅक्टरांना ट्रेम-४ नियम लागू झाला. कॉमन रेल इंजिनात डिझेल किती सोडायचं ते इलेक्ट्रॉनिक सिस्टीम ठरवते. त्यात काळा धूर दिसला तर गावात उघडू नका, सर्व्हिस सेंटरलाच दाखवा.

मिस्त्रीकडे जाताना तीन गोष्टी सोबत न्या: जोरावरचा व्हिडिओ, ऑइल किती दिवसांत किती कमी झालं ते, आणि फिल्टर शेवटचा कधी बदलला ती तारीख. एवढं हातात असलं की अंदाजाने इंजिन खोलायची वेळ येत नाही.

ज्याच्या ट्रॅक्टरवर तुमची पेरणी अवलंबून आहे त्यालाही हा मेसेज पाठवा. मृगाच्या आधी एकदा तपासणी करूनच घ्या.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, देऊळगाव राजा