भरतीची वेळ पाहून पायी नवी मुंबई

समुद्रकाठचे शहर म्हटले की वाळूची चौपाटी डोळ्यांपुढे येते. नवी मुंबईचा किनारा मात्र ठाणे आणि पनवेल या खाड्यांचा, म्हणजे चिखलाच्या सपाट पट्ट्यांचा आणि तिवरांचा असल्यामुळे हे शहर पायी पाहण्याची रीतही वेगळी आहे.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या कल्पनेतून या शहराचा आराखडा आकाराला आला आणि १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने ते ‘नोड’ म्हणजे स्वयंपूर्ण उपनगरांच्या साखळीच्या रूपाने वसवले. म्हणून एका दिवशी एकच नोड पायी पाहावा आणि दोन नोडांमधील अंतर लोकलने तोडावे, हे उत्तम. वाशी ते बेलापूर जाणारा पाम बीच मार्ग नकाशावर किनाऱ्याची वाट वाटला तरी तो वेगवान वाहनांचा रस्ता आहे आणि पदभ्रमणासाठी तो निवडू नये. सेक्टरचे क्रमांक प्रत्येक नोडमध्ये पुन्हा एकपासून सुरू होतात, म्हणून पत्ता विचारताना सेक्टरसोबत नोडचे नावही सांगावे लागते.

खाडीकाठी फिरताना घड्याळापेक्षा भरती-ओहोटीला अधिक महत्त्व असते. तिथीचा अंक पाऊणपट केला की भरतीची ढोबळ वेळ मिळते, असा कोकण किनाऱ्यावरील जुना हिशेब आहे. त्यानुसार अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीला उधाण, तर अष्टमीच्या सुमाराच्या बेताच्या भरतीला भांग म्हणतात. रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, ओहोटीच्या वेळी खाडीतील उघड्या चिखलावर चरतात आणि भरतीने तो चिखल बुडाला की नेरूळ-सीवूड्स परिसरातील पाणथळींवर विसाव्याला येतात. त्यामुळे साधारण नोव्हेंबर ते मे या काळात, भरतीच्या सुमारास सीवूड्स-दारावे स्थानकावर उतरून टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेलगतच्या पाणथळीकडे किंवा डीपीएस तलावाकडे जाणाऱ्यास ते जवळून दिसण्याची शक्यता अधिक असते. दुर्बीण जवळ असावी, आवाज नसावा आणि चिखलात उतरू नये.

बेलापूरमध्ये शहराचे तीन काळ एकाच दिवसात पायाखालून जातात. पारसिक टेकडीच्या पायथ्याशी, सेक्टर ८ मध्ये, कोरिया यांनी १९८० च्या दशकात रचलेले आर्टिस्ट्स व्हिलेज आहे. सामाईक अंगणाभोवती सात घरे आणि अशा समूहांची पुढे गुंफण, ही त्याची मूळ मांडणी होती. रहिवाशांनी अनेक घरे नव्याने बांधली असली तरी अंगणांची रचना अजून ओळखता येते. तेथून खाडीच्या दिशेला सिद्दी, पोर्तुगीज आणि मराठे यांच्या राजवटी पाहिलेल्या बेलापूर किल्ल्याचे अवशेष आहेत आणि जवळच दिवाळे हे कोळ्यांचे गाव आहे. नियोजित शहरासाठी जमिनी दिलेल्या ९५ गावांपैकी बहुतेकांची मूळ वस्ती, म्हणजे गावठाणे, आजही सेक्टरांच्या मधोमध टिकून आहेत. आगरी-कोळी समाजाचे हे घरच असल्याने तेथे छायाचित्र घेण्याआधी विचारावे आणि वाळत घातलेली मासळी व जाळी ओलांडू नयेत.

हिवाळ्यातील सकाळ चालण्यास सर्वांत सोयीची. उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी फिरणे संपवावे आणि पाणी व टोपी सोबत ठेवावी.

पाणथळीत भरतीचे पाणी येण्याचा मार्ग मोकळा राहिला तरच रोहित तेथे टिकतील. म्हणून येथे चालणाऱ्या प्रत्येकाने कचरा परत न्यावा आणि पाण्याची वाट अडलेली दिसल्यास पालिकेस किंवा वनविभागास अवश्य कळवावे. खाडी टिकली तरच हे शहर पायी पाहण्याजोगे राहील.