पानांच्या छाटांपासून दुर्मिळ शोभिवंत झाडांची अभिवृद्धी

उष्ण कटिबंधातील कित्येक शोभिवंत झाडांचे बी सहजी मिळत नाही. मिळाले तरी संकरित जातींत रोपे मूळ झाडासारखी निपजत नाहीत. बागायतदाराजवळ एकच झाड असेल, तर त्याचे पान हेच बियाणे समजावे. पानफुटीच्या पानाच्या कडेला रोपे फुटतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. इतर झाडांत हेच कार्य थोड्या साहाय्याने साधावे लागते.

आफ्रिकन व्हायोलेट हे मूळचे पूर्व आफ्रिकेतील उसांबरा डोंगरांतले झाड. वेंडलंड या जर्मन शास्त्रज्ञाने १८९३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे ना कोवळे ना जून असे पान निवडावे. देठ ३ ते ४ सें. मी. ठेवून धारदार, स्वच्छ पात्याने तिरपा काप घ्यावा. धुतलेली जाड वाळू व नारळाच्या काथ्याचा भुसा समभाग घेऊन त्यात देठ रोवावा. कुंडी सावलीत ठेवून वर पारदर्शक झाकण घालावे. ओल असावी, परंतु पाणी साचू देऊ नये. अन्यथा देठ कुजतो. सुमारे महिन्याभरात मुळे व दोन-तीन महिन्यांत देठाच्या बुडाशी रोपे दिसू लागतात.

ईशान्य भारतातील रेक्स बिगोनियाचे पान उलटे करून जाड शिरांवर ठिकठिकाणी काप द्यावेत. मग पान सुलट करून ओल्या वाळूवर चिकटून राहील असे टेकवावे. कापांपाशी रोपे उगवतात.

तथापि दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. शोभेच्या रबराच्या नुसत्या पानाला मुळे फुटतात, पण डोळा नसल्याने कोंब येत नाही. तेथे डोळ्यासह छाट घ्यावी. पिवळ्या काठाच्या सॅन्सेव्हिएरियाच्या पानापासून होणारी रोपे हिरवीच निघतात. काठ टिकवावयाचा असल्यास गड्डे विभागून लावावेत.

उसांबरातील जंगल तोडीमुळे बरेच घटले असून तेथील काही व्हायोलेट जाती आज नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत. एका पानापासून अनेक रोपे होत असता रानातील झाड मुळासकट उपटण्याचे कारण उरत नाही. म्हणून रोपवाटिकाधारकांनी रोपे पानांपासूनच वाढवावीत, आणि दुर्मिळ जातीची दोन-चार रोपे शेजारच्या बागायतदारांसही द्यावीत. एका ठिकाणचे झाड दगावले तरी जात टिकून राहील.