कल आणि कड

(बर्फावरचे खेळ : लेखांक ७)

स्नोबोर्डवाला उतारावरून गेल्यावर मागे राहिलेली खूण पाहिली की तो कसा वळला ते कळतं. बहुतेक खुणा हात-दोन हात रुंद असतात आणि तेवढ्या पट्ट्यातला बर्फ खरवडून निघालेला असतो. तिथे बोर्ड आडवा होऊन घसरलेला असतो. घसरता घसरता वेग कमी झाला आणि दिशाही बदलली. क्वचित एखादी खूण मात्र जेमतेम बोटभर रुंद, सलग आणि गोलाकार असते. तिथे बोर्ड मुळीच घसरलेला नसतो. त्याचं शेपूट नेमकं टोकाच्याच मार्गावरून गेलेलं असतं. अशा वळणाला कार्व्हिंग म्हणतात. गेल्या आठवड्यात पाहिलेल्या मऊ बुटांनीही ते जमतं, पण फक्त त्याच्याचसाठी घडवलेली स्नोबोर्डिंगची एक वेगळी शाखा आहे. टणक प्लास्टिकचे बूट, अरुंद लांब बोर्ड आणि जवळजवळ पुढेच वळवलेली पावलं, हे तिचं रूप. तिला अल्पाइन किंवा हार्डबूट स्नोबोर्डिंग म्हणतात. बर्फावरच्या सगळ्या खेळांत मला हिचं सर्वांत जास्त आकर्षण आहे, कारण इथे माणूस वळतच नाही. वळतो तो बोर्ड. माणसाने फक्त कलायचं आणि त्या कलण्यातून येणारा भार पेलायचा.

बोर्ड वळतो कसा, ते आधी पाहू. स्नोबोर्ड वरून पाहिला तर दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये कंबरेशी अरुंद दिसतो. म्हणजे त्याची प्रत्येक कड हा एका मोठ्या वर्तुळाचा छोटासा तुकडा असतो. कडेचा बर्फाला टेकणारा भाग १५० सेंटिमीटर असेल आणि मधोमध ती सरळ रेषेपासून २ सेंटिमीटर आत गेली असेल, तर त्या वर्तुळाची त्रिज्या साधारण १४ मीटर येते. या आत गेलेल्या वक्राला साइडकट म्हणतात. बोर्ड सपाट असताना त्याचा काही उपयोग नसतो. बोर्ड कलवला की आधी टोक आणि शेपूट बर्फाला टेकतात, मधला भाग अधांतरी राहतो. मग माणसाच्या भाराने तोही खाली येतो आणि अख्खा बोर्ड कमानीसारखा वाकतो. वाकलेल्या कडेने बर्फात चर पडतो आणि बोर्ड त्या चरातूनच पुढे जातो.

जितका जास्त कल, तितका जास्त वाक आणि तितकं लहान वर्तुळ. टणक बर्फावर बोर्ड ६० अंशांत कलला की वळणाची त्रिज्या साइडकटच्या त्रिज्येच्या निम्मी होते. १४ मीटरचा बोर्ड मग ७ मीटरच्या वर्तुळात फिरू लागतो.

आता यात वेग आणू. सायकल वेगात वळवताना आपण आतल्या बाजूला झुकतो. जितका वेग जास्त आणि वळण लहान, तितकं जास्त झुकावं लागतं. बोर्डवरही तोच हिशेब लागतो, पण एका मोठ्या फरकाने. सायकलवाला हँडलने वळण ठरवतो आणि त्याला साजेसा झुकतो. बोर्डला हँडल नाही. झुकणं आणि वळणं इथे एकाच गोष्टीला बांधलेलं आहे, त्यामुळे प्रत्येक कलाला एक ठरावीक वेग लागतो. उताराचा परिणाम बाजूला ठेवून गणित मांडलं, तर ११ मीटर साइडकटच्या बोर्डवर ६० अंशांत झुकून तोल राखायला ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेग लागतो. साइडकट २० मीटर असेल तर त्याच कलासाठी ताशी ४७ किलोमीटर. वेग याहून कमी असेल तर माणूस आतल्या बाजूला कोसळतो. जास्त असेल तर त्याला आणखी झुकावं लागतं, नाहीतर कड सुटते.

नवशिक्यांना हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं असं मला फार वाटतं. हौशीने शर्यतीचा लांब बोर्ड घेतला, सौम्य उतारावर नेला आणि जन्मात वळेना म्हणून निराश झाले, असं होतं तेव्हा दोष त्यांच्या कौशल्याचा नसतो. त्या बोर्डला हवा असलेला वेग त्या उतारावर मिळतच नाही. सुरुवातीला १० ते १२ मीटर साइडकटचा बोर्ड घ्यावा. बेताच्या वेगातही तो वळतो.

भाराचंही तसंच आहे. ४५ अंशांच्या झुकावात पायांवर शरीराच्या वजनाच्या जवळजवळ दीडपट भार येतो, तर ६० अंशांत बरोबर दुप्पट. ७० किलोचा माणूस प्रत्येक वळणात १४० किलो पेलतो, आणि तेही एका बारीक लोखंडी कडेवर. हार्डबूटचं सगळं साहित्य याच भारासाठी घडलेलं आहे.

पावलांपासून सुरुवात करू. मऊ बुटांच्या बोर्डवर पावलं साधारण आडवी असतात. ३१ सेंटिमीटर लांबीचा बूट २५ सेंटिमीटर रुंद बोर्डवर आडवा ठेवला की टाच आणि चवडा दोन्हीकडे बाहेर डोकावतात. बोर्ड फार कलवला की बुटाचं टोक बर्फाला लागतं, कड उचलली जाते आणि माणूस आपटतो. अल्पाइन बोर्डवर पावलं ५५ ते ६५ अंशांत पुढे वळवलेली असतात. ६० अंशांत त्याच बुटाच्या लांबीला बोर्डच्या रुंदीतली १५.५ सेंटिमीटरच जागा लागते. म्हणून बोर्डची कंबर १८ ते २१ सेंटिमीटर इतकी अरुंद ठेवता येते, आणि अरुंद बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन जातो. मागचं पाऊल पुढच्यापेक्षा दोन-तीन अंश कमी वळवायची रीत आहे. पुढच्या पावलाचा चवडा आणि मागच्या पावलाची टाच पाचरी घालून किंचित उचलतात, म्हणजे गुडघे नैसर्गिक दिशेने वाकतात. या पाचरींकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांची आठवण होते.

पावलं इतकी पुढे वळल्यावर घोटा बाजूला झुकवून बोर्ड कलवता येत नाही. तो भार नडगीने आणि पोटरीने द्यावा लागतो, आणि म्हणूनच बूट टणक हवा. चार बकलांचं प्लास्टिकचं कवच नडगीला धरून ठेवतं. दिसायला तो स्कीच्या बुटासारखा असला तरी त्याचा तळ आखूड असतो आणि पुढे झुकताना तो जास्त लवतो. मागच्या बाजूला एक खटका असतो. त्याने बूट पुढे किती झुकलेला ठेवायचा ते ठरतं. पुढच्या पायाला कमी, मागच्याला जास्त. या खटक्याच्या जागी स्प्रिंगही बसवता येते. मग घोटा जागच्या जागी जखडला न जाता विरोध पेलत हलतो आणि खडबडीत बर्फावरचे धक्के गुडघ्यापर्यंत पोचत नाहीत. पहिल्या खर्चातला मोठा वाटा बोर्डवर न घालता बुटावर घालावा, असं माझं ठाम मत आहे. चांगला बसणारा बूट जुन्या बोर्डवरही कामाला येतो. सैल बुटाने मात्र उत्तम बोर्डही हाताबाहेर जातो.

बाइंडिंग म्हणजे धातूची किंवा कणखर प्लास्टिकची पट्टी. तिच्या दोन्ही टोकांना जाड तारेची कडी असते. टाच मागच्या कडीत अडकवायची आणि पुढची कडी खटक्याने आवळायची. दुसऱ्या प्रकारात बुटाच्या टाचेतच दोन खिळे असतात. टाच दाबली की ते बाइंडिंगमध्ये जाऊन बसतात आणि पायाशी असलेली मूठ ओढली की सुटतात. स्कीची बाइंडिंग पडल्यावर आपोआप सुटते, ही सुटत नाही. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले राहतात.

बोर्डच्या आत लाकडाचा गाभा आणि त्याच्या खाली-वर काचतंतूचे थर असतात. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्यात टायटॅनल नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ पत्रे आले आणि बोर्डचं वागणं बदललं. टणक बर्फावर जुने बोर्ड थरथरायचे आणि कड सुटायची. धातूने ती थरथर शोषून घेतली. स्वित्झर्लंडमधल्या ब्राउनवाल्ड गावातल्या हान्सयुर्ग केसलर यांच्या बोर्डांनी शर्यतींचं चित्रच पालटलं. अनेक बोर्डांचा साइडकट आता टोकापासून शेपटापर्यंत एकाच त्रिज्येचा नसतो. २०१० च्या सुमारास आणखी एक भर पडली, ती पायांखालच्या प्लेटची. दोन बाइंडिंग थेट बोर्डवर आवळल्या की तेवढा भाग ताठ होतो आणि कमान तिथे मोडते. प्लेट माणसाला बोर्डपासून थोडं वर उचलते, आणि खालचा बोर्ड टोकापासून शेपटापर्यंत मोकळा वाकतो. हौशी माणसाला प्लेट लागत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपच्या उतारांवर हार्डबूट सर्रास दिसत. मग मऊ बुटांनी बाजार व्यापला आणि मोठ्या कंपन्यांनी यातून हात काढून घेतला. आज हे बोर्ड मुख्यत्वे छोट्या कारखान्यांत बनतात: केसलर, ऑस्ट्रियाचे माजी शर्यतपटू सिगी ग्राब्नर यांचे एसजी, कोलोरॅडोतले डोनेक, कॅनडातले कॉइलर. यांतले काही कारागीर तुमचं वजन, बुटाचं माप, पावलांचे अंश आणि तुम्हाला कसली वळणं आवडतात ते विचारून बोर्ड बनवतात. वजन महत्त्वाचं, कारण बोर्ड किती वाकणार ते त्यावरच ठरतं.

आता अंगाची गोष्ट. पहिला धडा वळणाचा नसतोच. रुंद, सौम्य, नुकत्याच सपाट केलेल्या उतारावर आडवं जायचं, बोर्ड एका कडेवर कलवायचा आणि काहीही न करता थांबायचं. बोर्ड आपोआप वळतो, उतारावर थोडा चढतो आणि थांबतो. मग मागे पाहायचं. खूण बारीक असेल तर दुसरी कड. रुंद असेल तर तुम्ही पाय मारून बोर्ड फिरवलात, परत करायचं. हा सराव कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक टाळतात. पण पाय न मारता बोर्डवर विसंबणं शरीराला शिकवायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

दुसरा धडा कोनाचा. नुसतं सरळ झुकलं तर बोर्ड शरीराइतकाच कलतो आणि कड कशीबशी टिकते. बोर्ड शरीराच्या रेषेपेक्षा थोडा जास्त कललेला हवा, तरच भार चराच्या आत दाबला जातो. त्यासाठी गुडघे आणि कंबर वळणाच्या आत ढकलायची आणि खांदे मात्र बर्फाला समांतर ठेवायचे. चवड्याच्या बाजूला वळताना हात बर्फाला लावायचा मोह होतो. हात खाली गेला की खांदा पडतो, कंबर वर येते आणि कड सुटते. टाचेकडचं वळण त्याहून अवघड. तिथे माणूस खुर्चीत बसल्यासारखा मागे बसतो, ढुंगण बाहेर येतं, बोर्डवर भार राहत नाही आणि तो टपटप उड्या मारत घसरतो. दोन्हींवर एकच उपाय आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा हात खाली, बुटाच्या वरच्या कडेकडे न्यायचा. टाचेकडच्या वळणात तो मागचा हात असतो आणि तो पुढच्या बुटाकडे न्यायचा. तो तिथे नेला की धड आपोआप बोर्डच्या टोकाकडे वळतं आणि कंबर जागेवर येते. नजर मात्र बुटाकडे नको, वळण जिथे संपणार तिथे हवी. वळण सुरू करताना भार किंचित पुढच्या पायावर, संपवताना किंचित मागच्या.

कड बदलायच्या दोन रीती आहेत. एकीत माणूस उठतो आणि बोर्डच्या वरून पलीकडे जातो. दुसरीत तो गुडघे दुमडतो आणि बोर्डच त्याच्या खालून पलीकडे जातो. दुसरी जलद आहे आणि शर्यतीत तीच चालते. तिचंच टोकाचं रूप स्वित्झर्लंडच्या झिनाल या डोंगरगावात पात्रिस फिवा आणि जाक रिल्ये यांनी घडवलं. एक्स्ट्रीम कार्व्हिंग हे त्याचं नाव. कड बदलताना ते दुमडतात, वळणात पूर्ण ताणले जातात आणि अख्खं शरीर बर्फावर टेकवून वर्तुळ पुरं करतात. त्यांना वेळेशी काही देणंघेणं नसतं. मला शर्यतीपेक्षा तेच पाहायला जास्त आवडतं.

शर्यतीचा मान मात्र मोठाच आहे. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्ड प्रथम आला तेव्हा एकेकटा स्पर्धक घड्याळाशी धावत होता. २००२ पासून दोन स्पर्धक शेजारशेजारच्या, लाल आणि निळ्या खांबांच्या मार्गांवरून एकदम सुटतात. पात्रता फेरीतले सोळा जण पुढे जातात आणि मग हरणारा बाहेर. स्वित्झर्लंडच्या फिलिप शोखने २००२ आणि २००६ ही दोन्ही सुवर्णपदकं जिंकली. दुसऱ्या वेळी अंतिम फेरीत समोर त्याचा सख्खा भाऊ सिमॉन होता. चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने २०१८ मध्ये प्याँगचांगला स्कीच्या सुपर-जी शर्यतीत एक शतांश सेकंदाने सुवर्ण मिळवलं आणि आठवड्याभरात हार्डबूट स्नोबोर्डवर दुसरं. एक फळी आणि दोन फळ्या, दोन्हींवर कडेची समज एकच असते, हे तिने जगाला करून दाखवलं.

शेवटी सुरक्षेचं. कार्व्हिंग करणारा उताराची पूर्ण रुंदी वापरतो आणि वळण पुरं करताना वरच्या दिशेलाही चढतो. मागून येणाऱ्याला हे अपेक्षित नसतं. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या नियमांप्रमाणे मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं असतं, पण पाचवा नियम असाही आहे की निघताना किंवा वर चढताना उताराच्या वर-खाली पाहून खात्री करावी. आपण प्रत्येक वळणात वर चढतो, म्हणून तो आपल्याला पदोपदी लागू आहे. सकाळी पहिल्या लिफ्टने जावं, गर्दी वाढली की थांबावं आणि निघण्यापूर्वी मागचा उतार मोकळा आहे का ते पाहावं.

पुढच्या लेखांकात कडांची निगा: कानस कशी धरायची, कडेचा कोन ८८ अंश ठेवायचा की ८७, आणि मेण कधी लावायचं.