यंत्राच्या पोटीं यंत्र

वऱ्हाडांतील उन्हाळा संगणकांस मानवत नाहीं. आमच्या शाळेच्या संगणकाच्या खोलींतील यंत्रें बरींच जुनीं झालीं आहेत. मार्च लागला कीं त्यांचे पंखे घरघरूं लागतात, आणि वीज गेली म्हणजे तास तेथेंच संपतो. गतवर्षीं पालकसभेंत नवीं यंत्रें घेण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां एका पालकांनीं विचारलें, “सर, माझा पुतण्या पुण्यास नोकरीस असतो. तो म्हणतो, आतां लोक यंत्र विकत घेत नाहींत, भाड्यानें घेतात. आणि तें यंत्र खरोखरीचें नसतेंहि. हें कसें काय?” आम्हांस त्या वेळीं समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. विषय पुरता समजल्यावांचून पालकांच्या पैशाचा निर्णय करणें योग्य नव्हे, असें वाटून आम्हीं तो प्रत्यक्ष करून पाहावयाचें ठरविलें. त्याची हकीकत येथें देत आहों.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. अमरावतीच्या जुन्या वस्तींतील एखादा वाडा डोळ्यांपुढें आणा. वाडा एक, परंतु त्यांत बिऱ्हाडें पांच-सहा. प्रत्येकाची चूल निराळी, कडी-कुलूप निराळें. एकाच्या घरीं दूध उतूं गेलें म्हणून शेजाऱ्याची चूल विझत नाहीं. तसेंच एका मोठ्या व बलवान संगणकांत अनेक लहान संगणक वसवितां येतात. प्रत्येकास वाटतें कीं आपण स्वतंत्र यंत्र आहों. त्याची मेमरी, त्याची डिस्क, त्याची कार्यप्रणाली सर्व निराळें. यांस आभासी यंत्रें म्हणतात, आणि त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या प्रोग्रामास हायपरव्हायझर असें नांव आहे. तो या वाड्याचा कारभारी होय.

मात्र वाड्याचा दृष्टांत एका ठिकाणीं अपुरा पडतो. मेमरी व डिस्क यांची वांटणी खोल्यांप्रमाणें होते. परंतु प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा जो गणित करणारा भाग, त्याची वांटणी सामाईक विहिरीच्या पाण्यासारखी पाळीनें होते. एका शेताला पाणी चालूं असतां दुसऱ्यानें थांबावयाचें. फरक इतकाच कीं, शेतांतील पाळी प्रहराची असते आणि येथील पाळी सेकंदाच्या लहानशा अंशाची. म्हणून कोणाला थांबल्याची जाणीव होत नाहीं. तथापि शेजारी फार पाणी ओढूं लागला तर आपली पाळी लांबते. लिनक्स प्रणालींत या हिरावल्या गेलेल्या वेळाचा आंकडा भाडेकरूस पाहतां येतो, आणि त्या रकान्याला ‘स्टील’ म्हणजे चोरी असेंच नांव दिलेलें आहे!

ही कल्पना कालपरवांची नव्हे. आय.बी.एम. कंपनीच्या अमेरिकेंतील केंब्रिज येथील केंद्रांत १९६० नंतरच्या दशकांत ‘सीपी-४०’ नांवाची प्रणाली तयार झाली. तिनें एका यंत्रावर चौदापर्यंत आभासी यंत्रें चालविलीं. १९७२ सालीं त्याच कंपनीनें ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली बाजारांत आणिली. १९७४ सालीं पोपेक व गोल्डबर्ग या दोन विद्वानांनीं कारभाऱ्यानें पाळावयाचे तीन नियम सांगितले. आभासी यंत्रांत प्रोग्राम खऱ्या यंत्राप्रमाणेंच वागला पाहिजे; साधनांवरील सर्व ताबा कारभाऱ्याकडेच राहिला पाहिजे; आणि बहुतेक आज्ञा मध्यस्थावांचून थेट प्रोसेसरवर चालून वेग टिकला पाहिजे.

घरोघरीं आलेल्या लहान संगणकांच्या प्रोसेसरांत मात्र एक अडचण होती. कांहीं नाजूक आज्ञा कारभाऱ्यास न कळवितां गुपचूप निराळा परिणाम करीत. व्हीएमवेअर कंपनीनें १९९९ सालीं अशा आज्ञा चालतां चालतांच बदलून लिहिण्याची युक्ति वापरून हा अडथळा ओलांडला. पुढें २००५ सालीं इंटेलनें व २००६ सालीं एएमडीनें आभासीकरणाची सोय प्रोसेसरांतच केली, आणि २००७ सालीं ‘केव्हीएम’ हा कारभारी लिनक्समध्यें समाविष्ट झाला. २००६ सालींच ॲमेझॉननें आभासी सर्व्हर तासाच्या भाड्यानें देण्यास आरंभ केला होता.

येथें आपल्या भागाच्या एका सुपुत्राची आठवण होते. अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर तालुक्यांत मुरंबा हें लहानसें गांव आहे. तेथें १९४६ सालीं डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेंत त्यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्यांतील विद्या याच्या नेमकी उलट होती. अनेक लहान प्रोसेसर जोडून त्यांजकडून एका मोठ्या यंत्राचें काम घेतलें. आभासीकरणांत एका मोठ्या यंत्राचीं अनेक लहान यंत्रें करितात. अनेकांचें एक आणि एकाचे अनेक, या दोनहि विद्या विद्यार्थ्यांनीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या.

आतां आमचा प्रयोग. अकोल्याचे एक स्नेही शिक्षक व आम्ही, मिळून एक आभासी सर्व्हर महिन्याच्या भाड्यानें घेतला. पुष्कळांची समजूत असते कीं ‘क्लाउड’ म्हणजे आकाशांतील कांहीं वस्तु. तसें नाहीं. हीं यंत्रें पक्क्या इमारतींत, अखंड वीज व थंडावा देऊन ठेविलेलीं असतात. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें आणि ॲमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस अशीं केंद्रें उघडलीं. आमचा सर्व्हरहि मुंबईसच होता. तेथील थंड खोलींतील यंत्रावर अमरावतीच्या तापलेल्या खोलींतून मुलें काम करूं लागलीं, तेव्हां जुन्या संगणकांकडे केवळ पडदा व कळफलक एवढेंच काम उरलें, आणि त्यांची घरघर पुष्कळ कमी झाली.

पण आमची इच्छा याहून मोठी होती. प्रत्येक मुलास स्वतःचें असें एक यंत्र द्यावें, जें त्यानें निर्भयपणें मोडावें व पुन्हां उभारावें. त्यासाठीं भाड्यानें घेतलेल्या आभासी यंत्राच्या आंत आणखी आभासी यंत्रें वसविणें आवश्यक होतें. ॲमेझॉननें २०१८ सालीं सर्वांस मोकळा करून दिलेला ‘फायरक्रॅकर’ हा नवा, सुटसुटीत कारभारी आम्हीं त्याकरितां निवडला. सेकंदाच्या सुमारें आठव्या हिश्शांत तो एक लहानसें यंत्र सुरू करूं शकतो, आणि स्वतःकरितां प्रत्येकीं पांच मेगाबाइटांहून कमी मेमरी घेतो, असा त्याचा लौकिक.

पहिल्याच दिवशीं आमचें पाऊल अडलें. फायरक्रॅकर सुरूच होईना! कारण शोधतां कळलें कीं त्याला प्रोसेसरांतील आभासीकरणाची सोय लागते. ती असल्याची खूण इंटेलच्या यंत्रांत ‘व्हीएमएक्स’ व एएमडीच्या यंत्रांत ‘एसव्हीएम’ या अक्षरांनीं दिसते. आणि आमच्या सर्व्हरांत दोहोंपैकीं एकहि खूण नव्हती. खऱ्या यंत्रांत ती असलीच पाहिजे. परंतु मालकानें ती भाडेकरूपासून झांकून ठेविली होती. वाड्याचीच रीत ही. आपल्या बिऱ्हाडांत पोटभाडेकरू ठेवावयाचा तर मालकाची संमति पाहिजे. अशी संमति देणारा दुसरा सर्व्हर आम्हीं घेतला, आणि तेथें काम सुरू झालें.

पोटभाडेकरूचें यंत्र थोडें मंद कां चालतें, हें मुलांनीं विचारलें. उत्तर असें: प्रोसेसर फक्त एकाच कारभाऱ्यास ओळखतो, आणि तो म्हणजे सर्वांत खालचा. आंतील यंत्रास कांहीं अडचण आली म्हणजे ती प्रथम खालच्या कारभाऱ्याकडे जाते. तो ती मधल्याकडे पाठवितो. मधल्याचें उत्तर पुन्हां खालच्याच्या हातून आंत येतें. एका सहीच्या जागीं अनेक सह्या लागल्या कीं कोणतेंहि काम रेंगाळणारच. २०१० सालीं आय.बी.एम.च्या संशोधकांनीं हे हेलपाटे कमी करण्याच्या युक्त्या प्रसिद्ध केल्या. एका कांसवाच्या पाठीखालीं दुसरें, दुसऱ्याखालीं तिसरें, या गोष्टीवरून त्यांनीं आपल्या कामास कांसवांचें नांव दिलें होतें. आमच्या अनुभवांत साधें गणित जवळजवळ पूर्ण वेगानें चाले. डिस्कवर वारंवार लिहिण्याचें काम मात्र स्पष्टपणें रेंगाळे.

अमरावती व अकोला यांत सुमारें शंभर किलोमीटरांचें अंतर. परंतु दोन्ही गांवचीं मुलें आतां एकाच वाड्यांत राहूं लागलीं. एके दिवशीं अकोल्याच्या एका मुलानें, आम्हांस विचारूनच, आपल्या यंत्राच्या मूळ फाइली पुसून टाकिल्या. त्याचें यंत्र तत्काळ निकामी झालें. अमरावतीच्या मुलांचीं यंत्रें मात्र जशींच्या तशीं चालूं राहिलीं, आणि राखून ठेविलेल्या प्रतीवरून त्याचेंहि यंत्र लवकरच उभें राहिलें. जो मुलगा पूर्वीं “सर, बिघडलें तर?” असें म्हणून कळफलकास हात लावीत नसे, तो त्या दिवसापासून सर्वांच्या पुढें बसूं लागला. आमच्या मतें संपूर्ण प्रयोगाचें मोल येथेंच वसूल झालें. मात्र भिंती अभेद्य आहेत असें समजूं नये. जानेवारी २०१८ मध्यें ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ हे प्रोसेसरांतील दोष जगापुढें आले. त्यांच्या आधारें एका बिऱ्हाडांतील गुपित दुसऱ्यास वाचतां येण्याचा संभव होता. म्हणून मुलांचे पत्ते, गुण वगैरे माहिती आम्हीं तेथें ठेविली नाहीं.

आतां आमची चूक सांगतों. दिवाळीच्या सुटींत भाडें वाचावें म्हणून आम्हीं सर्व्हर बंद करण्यास गेलों. पडद्यावर दोन आज्ञा होत्या. एक ‘थांबवा’ आणि दुसरी ‘नष्ट करा’. यंत्र थांबविलें तरी डिस्कचें भाडें चालूं राहतें असें वाचलें होतें. म्हणून घाईनें दुसरी आज्ञा दिली. यंत्र गेलें आणि त्याबरोबर डिस्कहि गेली. मुलांचें कित्येक आठवड्यांचें काम क्षणांत नाहींसें झालें. राखलेल्या प्रतीहि त्याच डिस्कवर होत्या. म्हणजे घराची दुसरी किल्ली घरांतच ठेवून कुलूप लावावें, तसें झालें. दोष सर्वस्वीं आमचा. सुटीनंतर मुलांपुढें आम्हीं तो कबूल केला. तेव्हां अकोल्याच्या एका विद्यार्थिनीनें आपली वही पुढें केली. तिनें पहिल्या दिवसापासून प्रत्येक आज्ञा, तिचा परिणाम व आलेली चूक शाईनें लिहून ठेविली होती. त्या वहीवरून दोन सायंकाळींत सर्व रचना पुन्हां उभी राहिली. आभासी यंत्र वाचविलें तें कागदाच्या वहीनें!

मग शाळेनें काय करावें? आमचा निष्कर्ष असा आहे. सर्वच नवीं यंत्रें घेण्याचें कारण नाहीं. जुनीं यंत्रें खिडकी म्हणून अजून उपयोगी पडतील, आणि सर्व्हर अभ्यासाच्या महिन्यांपुरताच घ्यावा. परंतु सर्व भार भाड्याच्या यंत्रावरहि टाकूं नये. कारण इंटरनेटची तार तुटली त्या दिवशीं आमचा वर्ग रिकामा बसला होता. म्हणून दोन चांगलीं यंत्रें शाळेंत स्वतःचीं असावीं, आणि प्रत्येक कामाची एक प्रत त्यांवर रोज उतरवावी. पालकांपैकीं ज्यांचीं मुलें घरीं असा प्रयोग करूं इच्छितात त्यांनीं तीन गोष्टी पाहाव्या: भाड्याची मर्यादा आधीं ठरवावी; पोटभाडेकरू ठेवण्याची मुभा आहे कीं नाहीं तें पैसे देण्यापूर्वीं विचारावें; आणि मुलास एक वही घेऊन द्यावी.

सभेंत प्रश्न विचारणाऱ्या त्या पालकांस आमचें उत्तर आतां तयार आहे. होय, यंत्र भाड्यानें मिळतें, आणि तें आभासी असलें तरी त्यावर मिळविलेली विद्या खरी असते. भाड्याचें घर केव्हां तरी सोडावें लागतें. तेथें शिकलेलें मात्र बरोबर नेतां येतें, आणि तें नीट लिहून ठेविलें असेल तर दुसऱ्यासहि देतां येतें.