न विझलेल्या दिव्यांचा हिशेब

समजा, दहा दिवे एकाच वेळी लावले आणि हजार तासांनी चाचणी थांबवली. तोवर चार दिवे गेले, अनुक्रमे २००, ४५०, ७०० आणि ८५० तासांना. सहा जळतच होते. तर या जातीच्या दिव्याचे सरासरी आयुष्य किती?

संख्याशास्त्र न घेतलेल्या मित्रांना हे विचारले की दोन उत्तरे मिळतात. गेलेल्या चारांची सरासरी ५५० तास; किंवा उरलेल्या सहांना हजार-हजार तास धरून ८२०. दोन्ही उत्तरे तोकडी आहेत. पहिल्यात जे टिकले त्यांनाच वगळले. दुसऱ्यात ते हजाराव्या तासाला विझले असे मानले, आणि ते तर विझलेलेच नाहीत.

शेवट दिसण्याआधीच निरीक्षण थांबले, तर त्या माहितीला 'सेन्सॉर झालेली' म्हणतात. चित्रपटाच्या सेन्सॉरशी तिचा संबंध नाही, तरी शेवटची रिळे आपल्याला पाहायला मिळालेली नसतात एवढे साम्य आहेच. पण आधीची रिळे पाहिलेली आहेत, ती फुकट का घालवावी?

बिघाडाचा धोका वयानुसार बदलत नाही असे मानले (हेच घातांकी वितरण), तर महत्तम संभाव्यतेच्या पद्धतीने सूत्र निघते ते अगदी साधे: सर्व दिवे मिळून जळलेले तास भागिले बिघाडांची संख्या. २२०० अधिक ६०००, म्हणजे ८२००; भागिले ४; उत्तर २०५०. हजार तासांच्या चाचणीतून दोन हजारांचे आयुष्य निघते हे प्रथम पटत नाही. म्हणून ताळा पाहावा. सरासरी २०५० असेल तर हजार तासांनंतर दहापैकी सुमारे सहा दिवे उरायला हवेत, आणि सहाच उरले आहेत. ८२० मानले तर तीन उरले असते, ५५० मानले तर जेमतेम दोन.

मात्र हा आकडा फार पक्का समजू नये. त्याची प्रमाण त्रुटी सुमारे निम्मी, म्हणजे हजारभर तास आहे. कारण नेमकेपणा ठरतो तो मुख्यतः किती दिवे गेले यावर. वस्तू जितकी टिकाऊ, तितकी तिची परीक्षा अवघड!

एपस्टाईन आणि सोबेल यांनी १९५३ मध्ये घातांकी वितरणाच्या अशा चाचण्यांची नीट मांडणी केली. झिजणाऱ्या वस्तूंना मात्र हे वितरण लागू पडत नाही. तेथे स्वीडनच्या वायबुल यांचे १९५१ च्या लेखामुळे गाजलेले वितरण वापरतात. त्याचे आकार-प्राचल १ पेक्षा मोठे असेल तर धोका वयाबरोबर वाढतो, लहान असेल तर घटतो.

पुढे १९५८ मध्ये कॅपलान आणि मायर यांनी कोणतेही वितरण गृहीत न धरता टिकण्याचे प्रमाण काढण्याची रीत दिली. कॅपलान यांच्यापुढे समुद्राखालच्या टेलिफोन तारेतील निर्वात नळ्यांचा प्रश्न होता, मायर यांच्यापुढे रोग्यांचा. प्रश्न एकच निघाला, म्हणून लेखही एकच झाला.

या सर्व रीतींची एक अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. निरीक्षणातून सुटण्याचा बिघाडाशी संबंध नसावा. चाचणी घड्याळ पाहून थांबवली तर हरकत नाही. पण दवाखान्यात येणे सोडलेला रोगी बरा झाला म्हणून आला नाही, की चालवेना म्हणून? दुसरे कारण असेल, तर त्याला इतरांसारखाच 'अजून जिवंत' धरून काढलेले आयुष्य खऱ्यापेक्षा लांबच निघणार, आणि नुसत्या नोंदवहीवरून ते कळणारही नाही.